गिलोटिनपासून थोडक्यात वाचलेल्या माणसाच्या गणितावर तुमचं रील एक्स्पोर्ट होतं

विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ. मोबाईलवर शूट केला तेव्हा एकदम कडक दिसत होता. रात्री जागून एडिट केला, एक्स्पोर्टचं बटण दाबलं आणि अपलोड करून झोपलो. सकाळी उघडून बघतो तर काय, ढोल वाजवणाऱ्यांचे चेहरे ठीकठाक, पण गुलाल उधळला की स्क्रीनवर नुसते गुलाबी चौकोन. आणि ताशाचा आवाज? पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवावेत तसा.

हे माझ्यासोबत झालंय. तुम्ही रील, यूट्यूब व्हिडिओ किंवा साधा लग्नाचा व्हिडिओ एडिट केला असेल तर तुमच्यासोबतही झालं असणार.

यात चूक मोबाईलची नव्हती, गुलालाची तर नव्हतीच. चूक होती एक्स्पोर्टच्या त्या खिडकीत घाईघाईनं निवडलेल्या एका आकड्याची. कोडेक, बिटरेट, फ्रेम रेट, एएसी, किलोहर्ट्झ असं बरंच काही तिथं लिहिलेलं असतं आणि आपण जे आधीपासून निवडलेलं असेल त्यावर ओके म्हणून मोकळे होतो.

पण या खिडकीमागचं मूळ गणित ज्यानं मांडलं, तो माणूस कॅमेऱ्याचा शोध लागण्याच्या काळातच वारला होता. रेडिओ, टीव्ही यातलं काही त्यानं पाहिलं नाही. त्याला फक्त एवढंच शोधायचं होतं की तापलेलं लोखंड थंड कसं होतं.

त्याचं नाव जोसेफ फुरिये.

आधी प्रश्न समजून घेऊ

फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके. म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एका फ्रेमला साधारण ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्या तर एका सेकंदाचे होतात सुमारे १८७ एमबी. एका मिनिटाचे ११ जीबी.

आणि यूट्यूब फुल एचडी आणि ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओसाठी जो बिटरेट सुचवतं, तो आहे ८ एमबीपीएस. म्हणजे सेकंदाला १ एमबी.

थोडक्यात, १८७ एमबीचं सामान १ एमबीच्या पिशवीत भरायचं आहे आणि बघणाऱ्याला कळताही कामा नये. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायला एक पद्धत लागते. ती पद्धत सांगण्यासाठी आपल्याला फ्रान्समध्ये जावं लागेल.

शिंप्याचा अनाथ पोरगा

२१ मार्च १७६८. फ्रान्समधल्या ओसेर नावाच्या गावात एका शिंप्याच्या घरी जोसेफचा जन्म झाला. दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली आणि पाठोपाठ वडीलही गेले.

पोरगं हुशार होतं म्हणून गावातल्या लोकांनी त्याला बेनेडिक्टाइन साधू चालवत असलेल्या सैनिकी शाळेत घातलं. तिथं त्याला गणिताचं वेड लागलं. असं सांगितलं जातं की दिवसभर तो जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करायचा आणि रात्री सगळे झोपले की त्या उजेडात गणितं सोडवत बसायचा.

त्याला सैन्यात तोफखान्यात किंवा इंजिनिअरिंगच्या तुकडीत जायचं होतं. पण त्या काळच्या फ्रान्समध्ये त्यासाठी खानदान लागायचं. शिंप्याच्या पोराला तिथं दार बंद. मग १७८७ मध्ये तो साधू व्हायला मठात गेला. तिथंही मन लागेना. शेवटची शपथ न घेताच १७८९ मध्ये तो बाहेर पडला आणि गावी येऊन आपल्याच शाळेत शिकवायला लागला.

१७८९ म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीचं साल. ज्या खानदानी व्यवस्थेनं त्याला दारातून परत पाठवलं होतं, तीच कोसळायला लागली होती. फुरियेला ही क्रांती आपली वाटली यात नवल नाही.

तुरुंगाची वारी, एकदा नाही दोनदा

१७९३ मध्ये तो गावातल्या क्रांती समितीत गेला. पण तोवर क्रांतीनं वेगळंच वळण घेतलं होतं. रोज माणसं गिलोटिनवर चढत होती. फुरियेला हे झेपेना. त्यानं समितीचा राजीनामा द्यायचा प्रयत्न केला, पण तोवर तो इतका आत अडकला होता की बाहेर पडता येईना. त्यात ऑर्लेआं शहरात त्यानं एका गटाची बाजू घेतली आणि तो वरच्या लोकांच्या डोळ्यांवर आला.

जुलै १७९४ मध्ये त्याला अटक झाली. तेव्हा अटकेनंतर काय होतं हे सगळ्या फ्रान्सला माहीत होतं. फुरियेचं वय होतं २६.

पण त्याच महिन्याच्या शेवटी सत्तेची बाजी पलटली. ज्याच्या नावानं देश थरथरत होता, त्या रोबेस्पिएरलाच २८ जुलैला गिलोटिनवर चढवण्यात आलं. तुरुंगाची दारं उघडली आणि फुरिये सुटला. हे सगळं काही आठवडे लांबलं असतं, तर आज ही गोष्ट सांगायला कारण उरलं नसतं.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये शिक्षक घडवण्यासाठी नवी संस्था सुरू झाली आणि फुरियेची तिथं निवड झाली. शिकवायला कोण होते? लाग्रांज, लाप्लास आणि मोंज. म्हणजे त्या काळातले गणिताचे तीन दिग्गज. पण जुन्या प्रकरणाचं भूत मानगुटीवरून उतरलं नव्हतं. १७९५ मध्ये त्याला परत आत टाकलं. काही काळानं सुटका झाली, आणि १७९७ मध्ये तर तो लाग्रांजच्याच जागेवर प्राध्यापक झाला.

लाग्रांज हे नाव लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

नेपोलियनसोबत इजिप्तला

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्यानं सैन्यासोबत शास्त्रज्ञ आणि विद्वानांचीही एक फौज नेली. त्यात फुरिये होता. कैरोत इजिप्तच्या अभ्यासासाठी संस्था काढली, तिचा सचिव फुरियेला केलं. इकडे ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या नेल्सननं फ्रेंचांचं आरमार उद्ध्वस्त केलं आणि परतीची वाटच बंद झाली. पुढच्या वर्षी नेपोलियन गुपचूप फ्रान्सला निघून गेला. फुरिये मात्र १८०१ मध्ये परतला.

त्याला परत प्राध्यापक व्हायचं होतं. पण नेपोलियनचा विचार वेगळा होता. त्यानं १८०२ मध्ये फुरियेला ग्रनोबल शहरात ईझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट म्हणून पाठवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर जिल्हाधिकारी.

फुरियेनं ती नोकरीही मन लावून केली. आसपासच्या अनेक गावांना समजावून त्यानं बुर्ग्वाँची दलदल कोरडी करून घेतली, ग्रनोबलहून इटलीतल्या तुरीनला जाणाऱ्या रस्त्याचं काम मार्गी लावलं. इजिप्तवरच्या मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. याच काळात शांपोलियों नावाच्या एका शाळकरी पोराला त्यानं इजिप्तच्या वस्तूंची ओढ लावली. पुढे त्याच पोरानं इजिप्तची चित्रलिपी वाचून दाखवली.

आणि या सगळ्या सरकारी फाइलींमधून वेळ काढून तो उष्णतेचं गणित करत होता.

लोखंडी कड्याची गोष्ट

कल्पना करा, एक लोखंडी कडं आहे. त्याचा अर्धा भाग भट्टीत घालून लालभडक केला, अर्धा गार आहे. आता ते बाहेर काढून ठेवलं. दहा मिनिटांनी कुठल्या जागी किती तापमान असेल?

फुरियेनं याचं उत्तर काढताना एक विचित्र दावा केला. कड्यावर उष्णता कशीही पसरलेली असू दे, अगदी अचानक गरम आणि अचानक गार, ती साध्या गुळगुळीत लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. एक मोठी संथ लाट, त्यावर जरा बारीक लाट, त्यावर आणखी बारीक, असं करत करत.

हे ऐकायला अवघड वाटेल, पण तुम्ही ते कानांनी अनुभवलेलं आहे. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की जाणकाराला त्यातून गंधार ऐकू येतो. तो कुणी वेगळा वाजवत नाही. तारेच्या एकाच आवाजात अनेक स्वर मिसळलेले असतात आणि त्यातला एक गंधार असतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. फुरियेचं म्हणणं असं की फक्त तारेचा आवाजच नाही, तर चढउतार असणारी कुठलीही गोष्ट अशी सुट्ट्या स्वरांमध्ये मोडता येते.

आता यातली खरी गंमत. कडं थंड होताना सगळ्या लाटा सारख्या वेगानं मरत नाहीत. दुप्पट बारीक लाट चौपट वेगानं विरते. दहापट बारीक लाट शंभरपट वेगानं. म्हणजे बारीकसारीक चढउतार आधी जातात आणि मोठा, ढोबळ आकार शेवटपर्यंत टिकतो.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. गुलालाचे चौकोन इथूनच निघणार आहेत.

लाग्रांजना पटलं नाही

२१ डिसेंबर १८०७ रोजी फुरियेचा हा निबंध पॅरिसच्या विद्वानांसमोर वाचला गेला. तपासायला चार जण होते. लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्रुआ. लाग्रांजनी आक्षेप घेतला. गुळगुळीत लाटा जोडून अचानक तुटणारी, टोकदार आकृती बनेलच कशी?

निबंध छापला गेला नाही.

१८११ मध्ये संस्थेनं उष्णता याच विषयावर स्पर्धा ठेवली. फुरियेनं निबंध वाढवून परत पाठवला. १८१२ च्या सुरुवातीला बक्षीस त्यालाच मिळालं, पण मांडणीत काटेकोरपणा कमी आहे असा शेरा मारून. आणि छापला? तेव्हाही नाही.

मधल्या काळात राजकारणानं परत गाठलं. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून आला तो नेमका ग्रनोबलच्याच वाटेनं. फुरिये आधी शहर सोडून गेला, मग त्याच नेपोलियननं त्याला दुसऱ्या जिल्ह्याचं पद दिलं, ते त्यानं सोडलं, आणि थोड्याच दिवसांत वॉटर्लूची लढाई होऊन नेपोलियनच संपला. फुरियेच्या हातात ना पद राहिलं ना पैसा. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्यानं पॅरिसच्या सांख्यिकी विभागात नोकरी लावून दिली. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीनं त्याला निवडलं तर राजानंच नाव अडवलं. पुढच्या वर्षी परत निवडून आल्यावर जागा मिळाली.

अखेर १८२२ मध्ये त्याचा उष्णतेवरचा ग्रंथ बाहेर आला. पहिल्या निबंधानंतर तब्बल १५ वर्षांनी. त्याच वर्षी तो अकादमीचा सचिव झाला आणि ज्या बक्षीसपात्र निबंधाला कुणी छापलं नव्हतं, तो त्यानं अकादमीच्याच ग्रंथमालेत छापून घेतला.

लाग्रांजचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. लाटांची बेरीज नेमकी कधी जमते याचं पक्कं उत्तर १८२९ मध्ये डिरिक्ले या तरुण गणितज्ञानं दिलं. पुढच्याच वर्षी, १६ मे १८३० रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी फुरिये गेला. इजिप्तहून आल्यापासून त्याला थंडी सोसायची नाही. म्हणून शेवटपर्यंत तो भरपूर कपडे घालून उबदार खोलीत बसायचा असं म्हणतात. उष्णतेवर आयुष्य घालवलेल्या माणसाला साजेसंच.

मग हे व्हिडिओत आलं कसं?

यासाठी थेट १९७२ मध्ये येऊ. बंगळुरूमध्ये जन्मलेले नासिर अहमद तेव्हा अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. फुरियेच्या पद्धतीतूनच निघालेली एक सोपी पद्धत चित्रं दाबायला वापरता येईल असं त्यांना वाटलं. त्यांनी संशोधनासाठी निधी मागितला. तो नाकारण्यात आला, कारण तपासणाऱ्यांपैकी एकाला ही कल्पना फारच साधी वाटली. अहमद यांनी नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत काम चालू ठेवलं आणि जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध छापून आला.

त्या पद्धतीचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी. तुमच्या फोनमधला जेपेग फोटो तिच्यावर चालतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत दिसणारा एच.२६४ हा कोडेक तिच्याच जवळच्या रूपावर चालतो. आणि आवाजाचा एएसी तिच्या एका सुधारित रूपावर.

आता हे काम कसं करतं ते बघा.

कोडेक आधी फ्रेमची तुलना करतो. मागच्या फ्रेममधलं जे पुढे तसंच आहे किंवा नुसतं सरकलंय, ते परत साठवत नाही. उरलेल्या फरकाचे छोटे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोन फुरियेच्या कड्यासारखा लाटांमध्ये मोडतो. ढोबळ लाटा जपतो आणि बारीक लाटांवर कात्री चालवतो, कारण आपल्या डोळ्यांना बारीक लाटांमधली चूक सहसा कळत नाही. लोखंड जे आपोआप करतं, तेच कोडेक ठरवून करतो.

किती कात्री चालवायची? ते सांगणारा आकडा म्हणजे बिटरेट.

आता गुलाल आठवा. हजारो कण, प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी. मागच्या फ्रेममधून काही उचलता येत नाही आणि चित्रात सगळ्या बारीकच लाटा. बिटरेट कमी असेल तर कोडेक सगळ्या बारीक लाटा फेकतो, चौकोनाचा सरासरी रंग तेवढा उरतो. म्हणून गुलाबी चौकोन. पाऊस, फटाके, धबधबा, कॉन्फेटी यांचं असंच होतं.

दुसरी खूण म्हणजे व्हिडिओवरची अक्षरं. कमी बिटरेटवर शिरोरेषेच्या आजूबाजूला थरथरणारी धूसर किनार दिसते. गुळगुळीत लाटांनी टोकदार कड बनवायची आणि त्यात बारीक लाटा कापलेल्या, मग असंच होणार. लाग्रांजना १८०७ मध्ये जी कड खटकली होती, तीच ही.

आता एक्स्पोर्ट करताना काय निवडायचं?

कोडेक: गोंधळ असेल तर एच.२६४ निवडा. जवळपास प्रत्येक फोनवर आणि प्लॅटफॉर्मवर चालतो.

रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट: जसं शूट केलं तसंच ठेवा. फुल एचडीचा व्हिडिओ फोरकेमध्ये एक्स्पोर्ट केला तरी नसलेले बारकावे तयार होत नाहीत. ३० फ्रेमचा व्हिडिओ ६० केला तर तीच फ्रेम दोनदा येते.

बिटरेट: यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे फुल एचडीला ३० फ्रेमसाठी ८ आणि ६० फ्रेमसाठी १२ एमबीपीएस. मुलाखत असेल, माणूस एका जागी बसून बोलत असेल, तर यापेक्षा कमीतही भागतं. मिरवणूक, डान्स, पाऊस असेल तर वाढवा.

व्हीबीआर की सीबीआर: व्हीबीआर म्हणजे गरजेप्रमाणे कमीजास्त खर्च, सीबीआर म्हणजे सगळीकडे सारखा. अपलोड करायच्या फाइलला व्हीबीआर चांगला. सॉफ्टवेअरमध्ये टू पास असेल तर तो निवडा. वेळ जास्त लागतो, कारण तो आधी पूर्ण व्हिडिओ बघून कुठं शांत आणि कुठं धावपळ आहे ते ठरवतो.

आवाज: एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. सीडीवरच्या न दाबलेल्या आवाजाला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. यूट्यूब स्टिरिओसाठी ३८४ सुचवतं. ६४ वगैरेवर गेलात तर ताशा, झांज, टाळ यांचे बारीक स्वर आधी मरतात, आणि मग उरतो तो पत्र्याचा डबा. एकूण फाइलमध्ये आवाजाचा वाटा किरकोळ असतो, त्यामुळे इथं कंजुषी करण्यात अर्थ नाही.

फाइल केवढी होणार: व्हिडिओ आणि आवाजाच्या बिटरेटची बेरीज करा, सेकंदांनी गुणा, ८ नं भागा. ३ मिनिटांचा व्हिडिओ, ८ अधिक ०.३८४ एमबीपीएस, म्हणजे साधारण १८९ एमबी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एकदा टाकलेल्या लाटा परत मिळत नाहीत. प्रत्येक वेळी एक्स्पोर्ट केलं, व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवलं, तिथून डाउनलोड करून परत एडिट केलं की दर वेळी कात्री नव्यानं चालते. म्हणून मूळ क्लिप डिलीट करू नका, आणि एडिटरला क्लिप पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

मी त्या मिरवणुकीचा व्हिडिओ नंतर मूळ क्लिपवरून परत एक्स्पोर्ट केला, दुप्पटीहून जास्त बिटरेटवर. गुलाल बऱ्यापैकी गुलालासारखा दिसला. मूळ क्लिप फोनमध्ये शिल्लक होती म्हणून जमलं.

फुरियेच्या गावात, ओसेरमध्ये, त्याचा ब्राँझचा पुतळा होता. दुसऱ्या महायुद्धात धातूसाठी तो वितळवला गेला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ शास्त्रज्ञांच्या नावांमध्ये मात्र त्याचं नाव आजही आहे. पुढच्या वेळी कुणी त्या टॉवरसमोर रील काढताना दिसलं, तर एवढं सांगा की ज्याच्या गणितानं हे रील फोनमध्ये मावतंय, त्याचं नाव मागं लिहिलेलं आहे.